सरोवरांतील जाळ्याच्या मासेमारीचे ओजिब्वे नियम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेस व पश्चिमेस राहणाऱ्या ओजिब्वे या आदिवासी समाजाच्या स्वायत्त गटांनी अंतर्देशीय सरोवरांत जाळे आणि भाला यांनी मासे धरण्यासंबंधी स्वतःचे कायदे केले आहेत. हे नियम राज्य सरकारच्या मासेमारी कायद्याहून वेगळे आहेत. ते त्या त्या गटाच्या निर्वाचित परिषदेने संमत केलेले असतात आणि त्यांच्या उल्लंघनाचा न्याय गटाच्याच न्यायालयात होतो. ओजिब्वे लोक स्वतःला 'अनिशिनाबे' म्हणवतात. जुन्या सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'चिप्पेवा' असा आढळतो. त्यांच्या प्रत्येक स्वायत्त गटास कायद्याच्या भाषेत 'बँड' ही संज्ञा आहे.

'अंतर्देशीय सरोवरे' या शब्दप्रयोगाला येथे विशेष अर्थ आहे. सुपीरियर, मिशिगन इत्यादी पाच महासरोवरे त्यात येत नाहीत. महासरोवरांतील व्यापारी मासेमारीचे करार आणि निवाडे स्वतंत्र आहेत. उत्तर विस्कॉन्सिन व मिनेसोटा येथील हिमयुगात घडलेली हजारो लहानमोठी सरोवरे, हाच प्रस्तुत नियमांचा विषय होय. या सरोवरांत 'वॉलाय' नावाचा मासा विपुल आहे. ओजिब्वे भाषेत त्याला 'ओगा' म्हणतात. नियमांचा बहुतांश भाग याच एका माशाभोवती रचला गेला आहे.

परंपरा

जाळ्याची मासेमारी ओजिब्वे समाजात युरोपीयांच्या आगमनापूर्वीपासून आहे. फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या 'चिप्पेवा कस्टम्स' या ग्रंथात खाजकुइलीसारख्या दाहक वनस्पतीच्या (नेटल) धाग्यापासून विणलेल्या जाळ्यांचे वर्णन आहे. जाळी विणणे, लावणे आणि वाळवणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत. हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून त्याखालीही जाळी सोडली जात.

वसंत ऋतूत बर्फ वितळताच वॉलाय मासा अंडी घालण्यासाठी किनाऱ्याजवळच्या उथळ, खडकाळ पाण्यात येतो. हाच मॅपल वृक्षाच्या रसापासून साखर करण्याचाही काळ. लांब हिवाळ्यात साठवण संपत आलेल्या कुटुंबांना ही मासेमारी जीवनदायी असे. रात्री होडीत मशाल पेटवून भाल्याने मासे टिपण्याची रीत इतकी रूढ होती, की फ्रेंच व्यापाऱ्यांनी एका सरोवराचे नावच 'लॅक दु फ्लॅम्बो', म्हणजे मशालीचे सरोवर, असे ठेवले. वॉलायच्या डोळ्यांत मागील बाजूस प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने उजेड पडताच ते चमकतात. मशालीचा उपयोग त्यासाठी होता. मशालीची जागा आता डोक्यावर बांधण्याच्या विजेच्या दिव्याने घेतली आहे.

या परंपरेत अलिखित नियमही होते. मासेमारीस निघण्यापूर्वी पाण्याला तंबाखू अर्पण करणे, गरजेपुरतेच घेणे, मिळालेल्यातून वृद्धांना व ज्यांच्या घरी मासे आणणारा कोणी नाही त्यांना वाटा देणे हे त्यांपैकी होत. आजच्या छापील संहितेत यातले फार थोडे उतरले आहे. परंतु समारंभासाठी आणि वृद्धांसाठी मासेमारी करण्याची स्वतंत्र तरतूद अनेक गट ठेवतात, तिचे मूळ येथे आहे.

तह आणि राखून ठेवलेला हक्क

या नियमांना कायद्याचा आधार एकोणिसाव्या शतकातील तहांचा आहे. २९ जुलै १८३७ रोजी सेंट पीटर्स येथे झालेल्या तहाने ओजिब्वेंनी आजच्या मध्य-पूर्व मिनेसोटा व वायव्य विस्कॉन्सिनमधील सव्वा कोटी एकरांहून अधिक भूमी संयुक्त संस्थानांच्या स्वाधीन केली. सरकारला हवी होती ती तेथील पांढऱ्या पाइन वृक्षांची इमारती लाकडे. म्हणून या तहाला 'पाइनचा तह' असेही म्हणतात. वाटाघाटींच्या नोंदींवरून दिसते, की ओजिब्वे प्रमुखांनी ज्या झाडांवर आणि पाण्यावर आपली उपजीविका आहे ती आपल्याकडे राहावीत असा आग्रह धरला होता. त्यानुसार तहाच्या पाचव्या कलमात सोडून दिलेल्या प्रदेशातील भूमी, नद्या व सरोवरे यांवर शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करण्याची मुभा त्यांना देण्यात आली. मात्र ती 'राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत', अशी पुस्ती तीत होती. १८४२ च्या ला पॉइंट येथील तहाने आणखी मोठा प्रदेश गेला, आणि तेथेही असाच हक्क राखला गेला.

या 'मर्जी'चा प्रयोग लवकरच झाला. १८५० साली राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी ही मुभा रद्द करून ओजिब्वेंना पश्चिमेकडे हलविण्याचा आदेश काढला. त्यासाठी वार्षिक मोबदल्याच्या वाटपाचे ठिकाण ला पॉइंटहून दूर मिनेसोटातील सँडी लेक येथे नेण्यात आले. हिवाळा तोंडावर असताना हजारो लोक तेथे जमले. रसद वेळेवर आली नाही, आली ती अपुरी आणि खराब होती. उपासमार, रोगराई आणि परतीच्या प्रवासातील थंडी यांत सुमारे ४०० माणसे दगावली. स्थलांतराचा बेत पुढे बारगळला आणि १८५४ च्या तहाने ओजिब्वेंना त्यांच्याच प्रदेशात राखीव क्षेत्रे मिळाली.

तहाचा अर्थ लावताना अमेरिकी न्यायालये दोन तत्त्वे मानतात. पहिले असे, की तहाची भाषा आदिवासींनी त्या वेळी जशी समजून घेतली तशी वाचावी, कारण मसुदा त्यांच्या भाषेत नव्हता आणि लिहिणारा दुसरा पक्ष होता. दुसरे तत्त्व १९०५ च्या 'संयुक्त संस्थाने विरुद्ध विनान्स' या निकालातील आहे. त्यानुसार तह म्हणजे आदिवासींना दिलेली देणगी नसून आदिवासींनी दिलेली देणगी आहे. त्यांनी जे दिले नाही ते त्यांच्याकडेच राहिले. मासेमारीच्या हक्काला 'राखून ठेवलेला हक्क' म्हणतात तो या अर्थाने. त्याकडे सरकारने आदिवासींना दिलेली सवलत म्हणून पाहणारे लोक आजही पुष्कळ आहेत. वादातला निम्मा गोंधळ या एका समजुतीतून उद्भवतो.

राज्ये स्थापन झाल्यावर मात्र हा हक्क जवळजवळ विस्मृतीत ढकलला गेला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली असा निर्णय दिला, की राज्यनिर्मितीबरोबरच तहातील हक्क संपुष्टात आले. त्यानंतर सुमारे पाऊण शतक राखीव क्षेत्राबाहेर मासे धरणाऱ्या ओजिब्वे माणसाला राज्याचे वनरक्षक पकडत, दंड करीत आणि जाळी, भाले, होड्या जप्त करीत.

व्हॉइट निकाल आणि स्वनियमनाची अट

मार्च १९७४ मध्ये लॅक कूर्त ओरेय गटातील दोघा भावांनी राखीव क्षेत्राच्या सीमेपलीकडे, गोठलेल्या सरोवरावर भाल्याने मासेमारी केली आणि त्यांना अटक झाली. गटाने संघीय न्यायालयात दावा लावला. खालच्या न्यायालयात १९७८ साली तो फेटाळला गेला. परंतु २५ जानेवारी १९८३ रोजी सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १८३७ व १८४२ च्या तहांतील हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला. प्रतिवादी असलेल्या राज्य अधिकाऱ्याच्या नावावरून हा 'व्हॉइट निकाल' म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील ऐकण्यास नकार दिला. विस्कॉन्सिनमधील बॅड रिव्हर, रेड क्लिफ, लॅक दु फ्लॅम्बो, सेंट क्रॉय आणि सोकाओगन (मोल लेक) हे पाच गटही या खटल्यात सामील झाले.

हक्क आहे हे ठरले. तो कसा वापरायचा आणि त्यावर कोणाचे नियंत्रण असायचे, हे ठरायला आणखी आठ वर्षे लागली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हीच वर्षे महत्त्वाची आहेत. न्यायाधीश जेम्स डॉइल यांनी १९८७ साली स्पष्ट केले, की ओजिब्वेंना १८३७ सालच्या साधनांपुरते बांधून ठेवता येणार नाही. ते आधुनिक साधने वापरू शकतात. त्यांच्यानंतर खटला बार्बरा क्रॅब यांच्याकडे आला. त्यांनी घालून दिलेले सूत्र थोडक्यात असे: राज्य या मासेमारीवर निर्बंध घालू शकते, पण केवळ संवर्धनासाठी किंवा सार्वजनिक आरोग्य व सुरक्षिततेसाठी, आणि गटांनी स्वतः परिणामकारक नियम करून ते अमलात आणले, तर राज्याला तेवढ्या बाबतीत हस्तक्षेप करता येत नाही.

म्हणजे नियम करणे ही गटांसाठी हक्काची किंमतही होती आणि हक्काचे संरक्षणही. एखादा नियम ढिला ठेवला, नोंद चुकली किंवा रक्षक नेमला नाही, तर त्या पोकळीत राज्याचा कायदा येऊन बसणार होता. ओजिब्वे मासेमारीचे नियम राज्याच्या नियमांपेक्षा कितीतरी बारीक आणि कडक का आहेत, याचे उत्तर येथे मिळते. राज्याचा परवाना घेऊन गळ टाकणाऱ्या हौशी माणसाचा प्रत्येक मासा कोणी मोजत नाही. भाल्याने वा जाळ्याने धरलेला आदिवासींचा मासा मोजला जातो.

या कामासाठी गटांनी १९८४ साली 'ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन' ही संयुक्त संस्था स्थापन केली. तिन्ही राज्यांतील ११ गट तिचे सदस्य असून मुख्यालय बॅड रिव्हर राखीव क्षेत्रातील ओडाना येथे आहे. आद्याक्षरांवरून तिला 'ग्लिफविक' म्हणतात. तिच्याकडे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आणि रक्षकदल आहे. आयोग नमुना संहिता तयार करतो. प्रत्येक गटाची परिषद ती आपल्या कायद्यात उतरवते. विस्कॉन्सिनच्या खटल्यातील अंतिम निर्णय मार्च १९९१ मध्ये झाला आणि दोन्ही पक्षांनी त्यावर अपील केले नाही.

मासे किती धरायचे

नियमांचा पाया गणिताचा आहे. विस्कॉन्सिनमध्ये एखाद्या सरोवरातील प्रौढ वॉलायच्या ३५ टक्क्यांपर्यंत मासे एका वर्षात काढले, तर संख्या टिकून राहते असे मानले जाते. तथापि सरोवरात मासे किती हे नेमके कोणालाच ठाऊक नसते; असतो तो अंदाज. म्हणून 'सुरक्षित पकड' ही ३५ टक्क्यांहूनही खाली, अशा बेताने ठरवतात, की प्रत्यक्षात ३५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता ४० पैकी १ याहून अधिक राहू नये. अंदाज जुना असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते.

अंदाज काढण्याची रीत शाळेतील गुणोत्तराच्या उदाहरणासारखी आहे. बर्फ वितळल्यावर लगेच कड्या लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांनी (फाइक जाळी) मासे जिवंत पकडतात, त्यांच्या पराचा बारीकसा तुकडा कापून खूण करतात आणि सोडून देतात. काही दिवसांनी रात्री होडीतून पाण्यात सौम्य विद्युतप्रवाह सोडून मासे क्षणभर बधिर करतात व गोळा करतात. दुसऱ्या खेपेच्या माशांत खुणेचे मासे जितक्या प्रमाणात सापडतात, त्यावरून एकूण संख्या काढता येते. उदाहरणार्थ, प्रथम ५०० माशांना खूण केली आणि दुसऱ्या खेपेच्या २०० माशांत खुणेचे ५० निघाले, तर सरोवरात साधारण २,००० मासे असावेत. राज्याचे आणि आयोगाचे शास्त्रज्ञ ही मोजणी वेगवेगळ्या सरोवरांत करतात आणि आकडे एकमेकांना देतात.

दरवर्षी १५ मार्चपर्यंत गटांना कोणत्या सरोवरातून किती मासे घेणार हे जाहीर करावे लागते. १९९० च्या निकालाने प्रदेशातील पकडीयोग्य संपत्ती आदिवासी व इतर यांच्यात समान वाटून घेण्याचे तत्त्व मान्य केले आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील सामन माशांच्या खटल्यात न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी १९७४ साली दिलेल्या निकालाचे हे तत्त्व अनुसरते. जाहीर केलेल्या आकड्यानुसार राज्य गळाने मासेमारी करणाऱ्यांची दैनंदिन मर्यादा ठरवीत आले. स्थानिक असंतोषाचे हे एक मोठे कारण ठरले, कारण पर्यटक येतो तो मर्यादा विचारून.

जाळे आणि भाला

भाल्याची मासेमारी करणाऱ्याला प्रत्येक रात्रीसाठी, प्रत्येक सरोवरासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. परवान्यावर माशांची संख्या असते. २० इंचांहून लांब मासे दोनच घेता येतात: एक २० ते २४ इंचांमधला, दुसरा कोणत्याही लांबीचा. मोठा वॉलाय बहुधा मादी असतो, म्हणून ही अट. ठरलेल्या धक्क्यावर रक्षक व नोंदणीस हजर असतात. होडी परत येताच मासे मोजले जातात, त्यांची लांबी घेतली जाते आणि नर-मादीची नोंद होते. सकाळपर्यंत त्या सरोवराचा हिशेब पूर्ण होतो आणि उरलेल्या आकड्याइतकेच परवाने पुढल्या रात्री निघतात. वसंतात किनाऱ्याशी नर आधी येतात व अधिक काळ राहतात. त्यामुळे भाल्याच्या पकडीत नरांचे प्रमाण खूपच जास्त असते.

भालेकऱ्याला मासा दिसतो, तो निवड करू शकतो. जाळ्याला ते शक्य नाही. म्हणून जाळ्याच्या बाबतीत निवडीचे काम नियमाने जाळ्याच्या रचनेवर सोपवले आहे. येथे वापरले जाते ते 'गिलनेट', म्हणजे कल्ल्यांत अडकवणारे जाळे. ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते: वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला शिसे. मासा त्याच्या एका डोळ्यात, मासेमारीच्या व्यवहारातला शब्द वापरायचा तर 'आसात', डोके घालतो. लहान मासा आरपार निघून जातो. फार मोठ्याचे डोके आत शिरतच नाही. मधल्या आकाराचा मासा मात्र पुढे जाऊ शकत नाही आणि मागे सरताना कल्ल्यांवरील झाकण धाग्यात अडकते. त्यामुळे आसाचा आकार ठरवला की माशाचा आकार जवळजवळ ठरतो. संहितेत आसाची किमान मर्यादा आहे तशीच कमालही आहे. किमान मर्यादा पिल्लांना वाचवते, कमाल मर्यादा मोठ्या माद्यांना. ही मापे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आस दोन रीतींनी मोजतात: एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंत, किंवा जाळे ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये. दुसरे माप पहिल्याच्या सुमारे दुप्पट येते. वृत्तपत्रांतील वादात एकाच जाळ्याचे दोन आकडे दिसतात, ते अनेकदा यामुळेच.

जाळ्याची लांबी आणि उंचीही ठरलेली आहे. मिल लॅक्स सरोवरात एक जाळे १०० फुटांहून लांब नसते. लहान तळ्यांत गिलनेट लावताच येत नाही, ठरावीक क्षेत्रफळाहून मोठ्या सरोवरांतच त्याला परवानगी आहे. कारण सरळ आहे: लहान पाण्यात एका रात्रीतच जाळे वर्षाचा हिस्सा संपवू शकते आणि रक्षकाला ते थांबवायला वेळ मिळत नाही. जाळ्यावर मालकाची ओळख पटेल अशी खूण लागते. सामान्यतः संध्याकाळी जाळे सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढतात. ते पाण्यात पडून राहू दिल्यास मासे मरून सडतात, हिशेब चुकतो आणि अन्नाची नासाडी होते. म्हणून ते रोज उचलणे बंधनकारक आहे. धक्क्यावर मासे तोलले जातात. वॉलायखेरीज नॉर्दर्न पाइक आदी इतर मासेही जाळ्यात येतात. त्यांचीही नोंद होते आणि त्यांचाही हिस्सा संपला तर जाळी थांबतात.

विस्कॉन्सिनमध्ये पकडीचा फार मोठा भाग भाल्याचा असून जाळ्याचा वापर अत्यल्प आहे. जाळ्याची खरी परीक्षा मिनेसोटात झाली.

आयोगाचे एक काम नियमांच्या चौकटीबाहेरचे असले तरी उल्लेखनीय आहे. हवेतून पाण्यात उतरणारा पारा मोठ्या वॉलायच्या मांसात साठतो. कोणत्या सरोवरातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, विशेषतः गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी, हे रंगांनी दाखविणारे नकाशे आयोग प्रसिद्ध करतो. हक्क मिळाला तरी मासा निर्धोक राहिला नाही, ही या इतिहासातील एक कटू बाब आहे.

धक्क्यांवरील निदर्शने

१९८५ च्या वसंतात राखीव क्षेत्राबाहेर भाल्याची मासेमारी पुन्हा सुरू झाली. १९८७ ते १९९१ या काळात उत्तर विस्कॉन्सिनमधील होड्यांच्या धक्क्यांवर रात्री शेकडोंचे जमाव जमू लागले. दगडफेक, वांशिक शिवीगाळ, भालेकऱ्यांच्या होड्या उलटाव्यात म्हणून भोवती वेगाने यांत्रिक होड्या फिरवून लाटा उठविणे, असे प्रकार घडले. मासे संपतील आणि त्यांच्यामागोमाग पर्यटनही, ही भीती खरी होती. तिच्या आडून बोलले जात होते ते मात्र माशांविषयी नव्हते. आदिवासींच्या बाजूने अनेक बिगर-आदिवासी नागरिक साक्षीदार म्हणून धक्क्यांवर शांतपणे उभे राहत.

याच काळात राज्याने हक्काचा वापर सोडून देण्याच्या बदल्यात मोठ्या रकमा देऊ केल्या. १९८९ साली मोल लेक गटाने सुमारे १ कोटी डॉलरचा आणि लॅक दु फ्लॅम्बो गटाने सुमारे ५ कोटी डॉलरचा प्रस्ताव सदस्यांच्या मतदानाने नाकारला. हे गट संपन्न नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या मतदानाचे मोल कळते.

सिनेटर डॅनियल इनोये यांच्या पुढाकाराने झालेल्या संयुक्त अभ्यासाचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य, संघीय संस्था आणि गट या सर्वांचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. प्रदेशातील वॉलायची स्थिती चांगली असून आदिवासींच्या मासेमारीने तिला हानी पोहोचलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गळाने धरले जाणारे मासे भाल्याच्या पकडीच्या कितीतरी पट होते. त्याच वर्षी न्यायाधीश क्रॅब यांनी अडथळे आणणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला आणि निदर्शने ओसरली. तत्पूर्वी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने १९८९ मध्ये केलेल्या 'अ‍ॅक्ट ३१' या तरतुदीने शाळांत राज्यातील आदिवासींचा इतिहास, संस्कृती आणि तहांतील हक्क शिकविणे आवश्यक केले. एका मासेमारीच्या वादातून अभ्यासक्रम बदलल्याचे असे उदाहरण विरळाच.

मिल लॅक्स

मिल लॅक्स हे मिनेसोटातील सुमारे १ लाख ३२ हजार एकरांचे उथळ सरोवर. कमाल खोली ४२ फूट. वॉलायसाठी ते देशभर प्रसिद्ध आहे. त्याच्या काठच्या मिल लॅक्स गटाने १९९० साली १८३७ च्या तहावरून राज्याविरुद्ध दावा केला. १९९३ मध्ये वाटाघाटींतून झालेली तडजोड विधिमंडळाने फेटाळली. खटला पुढे गेला आणि २४ मार्च १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी गटाच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले. १८५० च्या आदेशातील स्थलांतराचा भाग कायद्याच्या आधाराविना होता, आणि मुभा रद्द करण्याचा भाग त्यापासून वेगळा करता येत नाही, म्हणून संपूर्ण आदेश निष्प्रभ ठरला. १८५५ चा पुढील तह किंवा १८५८ ची राज्यनिर्मिती यांनीही हक्क संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सँडी लेकच्या मृत्यूंना कारण झालेला कागद अशा रीतीने दीडशे वर्षांनी रद्द ठरला.

येथे आठ गटांचा हक्क आहे: मिल लॅक्स, फाँ दु लॅक आणि विस्कॉन्सिनचे सहा. राज्य व गट यांच्या शास्त्रज्ञांची संयुक्त समिती दरवर्षी सरोवराच्या सुरक्षित पकडीवर चर्चा करते. ती पौंडांत ठरते आणि वाटली जाते. २०१६ साली एकूण ४०,००० पौंडांपैकी राज्याच्या वाट्याला २८,६०० आणि आठ गटांच्या वाट्याला ११,४०० पौंड आले.

इतके अल्प आकडे येण्याचे कारण म्हणजे सरोवरातील वॉलायची घट. २००५ मध्ये येथे झेब्रा शिंपले आणि २००९ मध्ये काटेरी जलपिसू या परक्या प्रजाती आढळल्या. पाणी स्वच्छ झाले. परंतु मंद प्रकाशात शिकार करणाऱ्या वॉलायला स्वच्छ पाणी मानवत नाही, आणि पिल्लांचे अन्नही बदलले. अंडी उबतात, पिल्ले होतात, पण मोठी होईपर्यंत टिकत नाहीत, असे शास्त्रज्ञांना दिसून आले. किनाऱ्यावरील अनेक व्यावसायिक मात्र वसंतातील जाळ्यांनाच दोष देतात. अंडी घालण्याच्या वेळी मादी धरली तर पुढची पिढी बुडते, हा त्यांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. परंतु जुलैमध्ये गळाला लागलेली मादीही पुढच्या वसंतात अंडी घालत नाही. सरोवरावर परिणाम होतो तो एकूण किती आणि कोणत्या आकाराचे मासे गेले याचा, महिन्याचा नव्हे. जाळ्याचे मासे एकाच वयोगटातून जातात ही टीका अधिक विचारार्ह आहे, आणि आसाच्या मापांवरील चर्चा त्यामुळेच चालू राहते.

राज्याच्या बाजूचा एक हिशेब सर्वसामान्यांना चमत्कारिक वाटतो. गळाने धरून परत सोडलेल्या माशांपैकी काही मरतात, विशेषतः उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात. हे अंदाजित मृत्यू राज्याच्या वाट्यात धरले जातात. त्यामुळे २०१६ प्रमाणे 'धरा आणि सोडा' एवढीच परवानगी असली, कोणी एकही वॉलाय घरी नेला नाही, तरी राज्याचा हिस्सा खर्च होतच असतो.

रेड लेक

उत्तर मिनेसोटातील रेड लेक गटाची कथा निराळी आहे. या गटाने आपले मुख्य क्षेत्र कधीच सोडले नाही. लोअर रेड लेक संपूर्ण आणि अप्पर रेड लेकचा सुमारे ६० टक्के भाग त्याच्या मालकीचा आहे. त्यामुळे तेथील जाळ्याचे नियम न्यायालयाच्या अटीतून आलेले नाहीत. ते निखळ गटाचे आहेत.

पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईमुळे १९१७ साली येथे गिलनेटची व्यापारी मासेमारी सुरू झाली. १९२९ पासून मच्छीमारांची संस्था ती चालवू लागली. अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह तिच्यावर होता. नियम होते, पण त्यांची अंमलबजावणी सैल होती. चोरटी विक्री चाले, आणि राज्याच्या भागात गळाची मासेमारीही मर्यादेबाहेर होई. १९९० च्या दशकाच्या मध्यास वॉलायची संख्या कोसळली. येथे मासे काढणाऱ्यांनी जे केले ते दुर्मीळ आहे. १९९७ साली मच्छीमारांनी स्वतः मत देऊन व्यापारी जाळी बंद केली. पुढल्या वर्षी परिषदेने घरच्या चुलीपुरती मासेमारीही थांबवली. १९९९ मध्ये गट, राज्य आणि संघीय सरकार यांच्यात करार होऊन संपूर्ण सरोवर वॉलायसाठी बंद झाले.

१९९९, २००१ आणि २००३ मध्ये कोट्यवधी पिल्ले सोडण्यात आली. त्यांच्या हाडांत खूण राहावी म्हणून त्यांना एका प्रतिजैविकाच्या द्रावणात ठेवले होते. नंतर पकडलेला मासा सोडलेल्यांपैकी की सरोवरातच जन्मलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येई. दहा वर्षे लागतील असा अंदाज होता. २००६ मध्येच मासेमारी पुन्हा उघडता आली. गटाने व्यापारी मासेमारीचा आरंभ मात्र जाळ्याने न करता गळाने केला. प्रत्येक मासा संस्थेच्या केंद्रावर तोलून विकला जाऊ लागला.

मिशिगन

मिशिगनमध्ये १८३६ च्या तहाखालील पाच गट आणि राज्य यांनी २००७ साली न्यायालयापुढे संमतीचा हुकूमनामा करून घेतला. त्यात अंतर्देशीय पाण्यातील व्यापारी मासेमारी वर्ज्य असून गिलनेटच्या वापरावर कडक निर्बंध आहेत. त्या बदल्यात राज्याने तहाच्या प्रदेशातील शिकार, मासेमारी व वनोपज गोळा करण्याचा हक्क कायमचा मान्य केला. त्यामुळे विस्कॉन्सिन व मिनेसोटातील गटांनी नियमबद्ध करून टिकवलेले जाळे मिशिगनच्या अंतर्देशीय सरोवरांत फारसे दिसत नाही. तेथील गटांची जाळी मुख्यत्वे महासरोवरांत पडतात.